पहिल्या तासाआधी: एमए, एमएस्सी, पीएचडीच्या मुलांना कॉलेजात शिकवण्यासाठी कसं तयार करायचं?

खडूफळा (धागाकर्ता)

अकरावी-बारावीला शिकवायचं तर बीएड लागतं. त्याच इमारतीत एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) वर्गावर जायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, एवढं पुरतं. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडीही सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे वर्गात पाऊल टाकण्याआधी उमेदवाराचा शिकवण्याशी आलेला अधिकृत संबंध नेटच्या पहिल्या पेपरपुरता: ५० प्रश्न, १०० गुण, दहा घटक, त्यातला अध्यापनाचा घटक एक. पुढे नव्या शिक्षकांसाठी इंडक्शन (प्रारंभिक प्रशिक्षण) कार्यक्रम असतात, पण तिथे नंबर लागेपर्यंत बहुतेकदा एक-दोन सत्रं शिकवून झालेली असतात. पहिल्या बॅचच्या मुलांनी तोवर काय करायचं?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पीएचडी नियमावली २०२२ मध्ये एक चांगली तरतूद आहे. विषय कोणताही असो, संशोधक विद्यार्थ्याला अध्यापनाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, आणि ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन यासाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम देता येतं. प्रत्यक्षात तिचा अर्थ बऱ्याच विभागांत 'सर रजेवर आहेत, तू तास घे' असा लावला जातो. त्यातून तास भरतो, माणूस तयार होत नाही.

माझं मत असं आहे की 'प्रभावी अध्यापन' वगैरे नावाची दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन काही साधत नाही. त्यापेक्षा एफवायच्या अभ्यासक्रमातला एकच घटक घ्यावा, साधारण ८ ते १० तासिकांचा, आणि उमेदवाराने तोच घटक नियोजन, शिकवणं, प्रश्न काढणं, पेपर तपासणं इथपर्यंत पुरा न्यावा. आठ आठवडे, आठवड्याला चार तास. कोणीतरी जाणतं माणूस मागच्या बाकावर बसलेलं हवं.

या ३२ तासांत नेमकं काय बसवावं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

---

नीलमोहर

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने करा, म्हणजे काही मिनिटांचा छोटा सराव पाठ. बीएडवाल्यांना हे चक्र पाठ असतं: ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा शिकवणं, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. दोन तासांच्या बैठकीत तीन उमेदवार आरामात होतात.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे १२ मिनिटांचं पुनर्नियोजन वेळ वाचवण्यासाठी गाळलं जातं. मग पुन्हा शिकवताना माणूस तेच जरा जोरात बोलतो, बाकी काही बदलत नाही. हे १२ मिनिटं गाळायचे नाहीत, शिकवणं ५ मिनिटांवर आणलं तरी चालेल. दुसरी गोष्ट, एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणं, पुढच्या वेळी फक्त उदाहरण देणं, त्यानंतर फळा. सगळं एकदम बघायला गेलं की प्रत्याभरणात 'छान झालं, आवाज थोडा वाढवा' याखेरीज काही निघत नाही.

निरीक्षकाच्या हातात कागद द्या, त्यावर तीन उभे रकाने: मिनिट, शिकवणारा काय करतोय, मुलं काय करतायत. मत लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. प्रश्न विचारला की घड्याळ लावायचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. आपल्याकडचा नवा शिक्षक तर 'समजलं का?' विचारतो आणि 'हो' यायच्या आत डस्टर उचलतो. निरीक्षकाच्या कागदावर '०.५ सेकंद' लिहिलेलं दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही.

---

लवचिक

धागाकर्त्यांशी सहमत, पण 'आधी पद्धत' या सुराशी नाही. नव्या शिक्षकाची पहिली अडचण बहुतेक वेळा विषयातलीच असते, फक्त ती एमएच्या पातळीवरची नसून एफवायच्या पातळीवरची असते. अर्थशास्त्रातलं एक उदाहरण नीट उलगडून देतो.

मागणीची किंमत लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते. फळ्यावर येतं: किंमत २० वरून २५ रुपये झाली, मागणी १०० वरून ९० नग झाली. किमतीत २५ टक्के वाढ, मागणीत १० टक्के घट, लवचिकता ०.४. एकूण खर्च २००० वरून २२५० झाला, म्हणून अलवचिक मागणी. इथपर्यंत सगळ्यांना येतं. मग दुसऱ्या बाकावरची मुलगी विचारते, "सर, किंमत २५ वरून परत २० झाली तर?" आता किमतीत २० टक्के घट, मागणी ९० वरून १००, म्हणजे ११.१ टक्के वाढ. लवचिकता ०.५६. वक्र तोच, बिंदू तेच, उत्तर वेगळं. उमेदवाराला एमएला अवकलनाने लवचिकता काढता येत असते, तरी तो इथे अडकतो, कारण भाजक बदलला आहे हे त्याने कधी स्वतःला विचारलेलंच नसतं. मध्यबिंदू पद्धत घेतली की दोन्ही दिशांनी एकच उत्तर येतं: १० भागिले ९५ म्हणजे १०.५ टक्के, ५ भागिले २२.५ म्हणजे २२.२ टक्के, लवचिकता ०.४७.

हे सुचायला बुद्धी कमी नसते, सवय नसते. म्हणून नियोजनाच्या कागदावर प्रत्येक तासिकेखाली एक ओळ सक्तीची करा: 'इथे मुलं कुठे अडतील आणि कोणता प्रश्न विचारतील'. किमान तीन प्रश्न, उत्तरांसकट. ही ओळ कोरी असेल तर तासाला सोडायचं नाही. आणि उदाहरणातले आकडे आधी स्वतः वहीत सोडवून न्यायचे. ऐन वेळी सुचलेल्या आकड्यांनी लवचिकता ०.३८४६ येते आणि पाच मिनिटं भागाकारात जातात.

---

खडूफळा

लवचिक, ही ओळ घेतली. एक विचारतो: उमेदवारांना हे प्रश्न आधी सुचणारच नसतील तर ते आणायचे कुठून?

---

लवचिक

मागच्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांतून. विभागातल्या अंतर्गत परीक्षेच्या २०-२५ उत्तरपत्रिका नावं झाकून उमेदवाराला द्या आणि गुण द्यायला सांगू नका, फक्त चुका गोळा करायला सांगा. 'मागणी घटली' आणि 'मागणीचा संकोच झाला' यातला गोंधळ निम्म्या पेपरांत सापडेल. वक्रावरची हालचाल आणि वक्राचं स्थलांतर हा फरक किती वेळ घेऊन शिकवावा लागतो, हे त्याला तिथे कळतं.

---

तासिका४८

नियोजनाचं गणित कोणी मांडलं नाही, म्हणून लिहितो.

अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये (श्रेयांकांत) मोजला जातो: थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३० तास. २ क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० घड्याळी तास. कॉलेजात तासिका ४८ मिनिटांची असेल तर हेच ३० तास म्हणजे ३७-३८ तासिका होतात. काही ठिकाणी ३० तासिकाच धरल्या जातात. रुजू होताना हे विभागप्रमुखांना विचारून घ्या, नाहीतर नियोजन पहिल्या दिवसापासून चुकतं. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा थेट अध्यापनाचा भार १६ तास, म्हणजे ४८ मिनिटांच्या २० तासिका, हे सुद्धा याच हिशेबाने.

आता खरी कॅलेंडर घ्या. एफवायचे प्रवेश लांबतात, त्यामुळे वर्ग भरायला जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट उजाडतो. मध्ये गणपती, नवरात्र, मग अंतर्गत चाचण्या, युवा महोत्सव, एनएसएसचे कार्यक्रम. दिवाळीआधी किंवा लगेच नंतर सत्र परीक्षा. त्यामुळे कागदावरच्या तासिकांपैकी पाचवा हिस्सा गेलाच असं धरून नियोजन करावं. उमेदवाराला कोरी कॅलेंडर द्या, सुट्ट्या लाल पेनाने खोडायला लावा, उरलेल्या चौकटींत घटक बसवायला सांगा. बहुतेकजण पहिल्या घटकाला निम्मं सत्र देतात, कारण त्यात व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, महत्त्व असतं आणि ते सांगायला सोपं असतं. चौथा घटक मग शेवटच्या आठवड्यात 'नोट्स पाठवतो, वाचून घ्या' या वाक्याने संपतो. परीक्षेत मात्र चारही घटकांना सारखे गुण.

४८ मिनिटांचाही हिशेब करा. मुलं येऊन बसेपर्यंत ३-४ मिनिटं. १२० जणांची हजेरी, एका क्रमांकाला दोन सेकंद धरले तरी ४ मिनिटं. शेवटची ३ मिनिटं पुढच्या वर्गाची मुलं दारात. शिकवायला ३७ ते ३८ मिनिटं उरतात. त्यात एक मुख्य मुद्दा, दोन उदाहरणं, मुलांना वहीत सोडवायला ६ मिनिटं, बस. पानंच्या पानं तयारी करून गेलेला शिक्षक ती संपवायच्या मागे लागतो आणि मान वर करून बघत नाही.

---

ब्युरेट

विज्ञान शाखेचं वेगळं आहे. नव्या माणसाला थिअरी द्यायच्या आधी प्रॅक्टिकलच्या बॅचेस दिल्या जातात आणि तिथली तयारी कोणी शिकवतच नाही, कारण एमएस्सीला द्रावणं लॅब असिस्टंटने करून ठेवलेली असतात.

साधं आम्ल-अल्कली अनुमापन घ्या, २० मुलांची बॅच. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे संहतीचं, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड, शंक्वाकृती पात्रात ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्ल, दर्शक फिनॉल्फ्थॅलिन. एका मुलाला ५० मिलीची ब्युरेट दोनदा भरायला १०० मिली, खळबळून घ्यायला २०, म्हणजे १२० मिली. २० मुलांना २.४ लिटर, सांडलवंड धरून ३ लिटर करा, त्याला १२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. ऑक्झॅलिक आम्ल १० मिलीच्या चार पिपेट आणि खळबळायला १० मिली, असं दर मुलामागे ५० मिली, म्हणजे १ लिटर. दीड लिटर करून ठेवा. स्फटिकी आम्ल लिटरला ६.३ ग्रॅम, दीड लिटरला ९.४५ ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे १२ ग्रॅम तोलून नेमकं ०.१ मिळत नाही. ऑक्झॅलिक आम्लाशी आधी स्वतः अनुमापन करून खरी संहती काढून ठेवायची. तीन रीडिंगं स्वतःची असल्याशिवाय बॅच घ्यायची नाही. मुलांच्या आकड्यांत गडबड आहे की द्रावणात, हे नाहीतर कळणार कसं?

मुलांच्या चुका ठरलेल्या असतात, उमेदवाराकडून त्या आधी मुद्दाम करून घ्या. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला की पहिलं रीडिंग अर्धा-एक मिली जास्त येतं. नरसाळं ब्युरेटवरच राहिलं की मध्येच थेंब पडून पातळी बदलते. ब्युरेट पाण्याने धुतली पण द्रावणाने खळबळली नाही, तर द्रावण पातळ होऊन रीडिंग वाढतं. शंक्वाकृती पात्र मात्र द्रावणाने खळबळायचं नाही, नुसत्या पाण्याने धुवायचं. इथे मुलं नेमकं उलटं करतात. आणि फिकट गुलाबी रंग थोड्या वेळाने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडतो, मुलांना वाटतं अंतिम बिंदू आलाच नाही, ती थेंब टाकत राहतात आणि पात्र गडद गुलाबी होतं. रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं, हे बॅच सुरू व्हायच्या आधी फळ्यावर लिहिलेलं हवं.

शेवटची दहा मिनिटं ब्युरेट धुण्यासाठी राखून ठेवा. काचेच्या तोटीत सोडियम हायड्रॉक्साइड राहिलं की तोटी धरून बसते आणि पुढच्या आठवड्यात ती ब्युरेट बाद.

---

नीलमोहर

ब्युरेट, फार उपयोगी. अपघाताचंही जोडा: आयवॉशची बाटली, प्रथमोपचाराची पेटी आणि वाळूची बादली कुठे आहे, हे पहिल्या दिवशी उमेदवाराने हात लावून बघायचं.

---

पारिभाषिक

भाषेबद्दल लिहितो, कारण निमशहरी आणि ग्रामीण कॉलेजांत तास इथेच फसतो. उमेदवाराचं एमए इंग्रजीतून, समोरची मुलं बारावीपर्यंत मराठीतून, संदर्भपुस्तक इंग्रजी, पेपर दोन्ही भाषांत. शिक्षक बोलतो मराठीत, संज्ञा इंग्रजीत, फळ्यावर लिहितो इंग्रजीत, आणि मुलं वहीत काहीच लिहीत नाहीत, कारण स्पेलिंग येत नाही.

यावरची सोय साधी आहे. फळ्याच्या डाव्या बाजूला हातभर रुंद पट्टा आखायचा आणि त्या तासातल्या संज्ञा, जास्तीत जास्त पाच, दोन्ही भाषांत एकाखाली एक लिहायच्या. हा पट्टा तास संपेपर्यंत पुसायचा नाही. मराठी संज्ञा मनाने करायच्या नाहीत. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, ते ऑनलाइनही बघता येतात. मात्र मुलांच्या क्रमिक पुस्तकात वेगळा शब्द असेल तर तोही शेजारी लिहा. एका शिक्षकाने 'सीमान्त' म्हणायचं, दुसऱ्याने 'सीमांतिक', तिसऱ्याने 'मार्जिनल', यात मूल तीन वेगळ्या गोष्टी समजतं. विभागाने बसून एक यादी ठरवावी.

फळ्यावरचं देवनागरी रोमनपेक्षा मोठं काढावं लागतं. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात आणि उकार खाली, म्हणून दोन ओळींत अक्षराएवढं अंतर सोडायचं. शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून बघायचं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' तिथून वेगळे दिसले पाहिजेत. स्लाइडचं म्हणाल तर आधी फळ्यावर सराव होऊ द्या. प्रोजेक्टर असलेली खोली रोज मिळत नाही, आणि स्लाइड वाचून दाखवण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही.

---

उत्तरपत्रिका

३२ तासांपैकी निदान ८ तास मूल्यमापनाला ठेवा. रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत पेपर काढणं आणि तपासणं अंगावर येतं.

पेपर काढताना उमेदवाराने प्रत्येक प्रश्नासोबत आदर्श उत्तर आणि गुणांची फोड लिहायची. वर लवचिकतेचं उदाहरण आलंय, तेच ५ गुणांना विचारलं तर: सूत्र १, किमतीतला टक्केवारी बदल १, मागणीतला बदल १, उत्तर १, निष्कर्ष १. फोड केली की प्रश्नातली खोट आपोआप दिसते. कोणती पद्धत वापरायची हे प्रश्नात लिहिलंच नाही, तर ०.४ लिहिणाराही बरोबर आणि ०.४७ लिहिणाराही. वेळ तपासायला पेपर स्वतः हाताने सोडवायचा. शिक्षकाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ मुलाला लागतो असं धरायचं.

मग त्याच १० उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स दोन उमेदवारांना द्या, एकमेकांना न दाखवता तपासायला सांगा. ५० पैकी ७-८ गुणांचा फरक सहज निघतो. फरक कुठून येतो ते शोधा: एकजण अक्षराला गुण देतोय, एकजण लांबीला, एकजण दमल्यावर कडक होतोय. उपाय असा की सगळ्या पेपरांचा प्रश्न १ आधी, मग सगळ्यांचा प्रश्न २. दर २० पेपरांनंतर पहिले दोन पुन्हा काढून बघायचे. १२० पेपर, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे ८ तास. ते एका बैठकीत करायला जाऊ नये.

दृष्टिबाधित किंवा लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, हे अंतर्गत परीक्षेतही पाळायचं. नव्या पर्यवेक्षकाला माहीत नसतं आणि तो वेळेवर पेपर काढून घेतो.

---

सावली

वर्गातल्या वागण्याबद्दल दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही.

शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचू नका. 'अमुक प्रवर्गाच्या मुलांनी थांबा' असं म्हटलं की ७० मुलांसमोर कोणाची जात काय ते जाहीर होतं, आणि ते मूल तीन वर्षं त्याच बाकांवर बसणार असतं. कार्यालयातून यादी आली तर सूचना सगळ्या वर्गाला द्या: महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा) अर्ज ज्यांचा राहिलाय त्यांनी अमुक तारखेपर्यंत खिडकीवर जा. हजेरी आडनावाने घेऊ नका, क्रमांकाने किंवा पहिल्या नावाने घ्या.

दुसरं, नवा शिक्षक आणि टीवायची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) मुलं यांच्या वयात चार-पाच वर्षांचाच फरक असतो. व्हॉट्सॲप गट वर्ग प्रतिनिधीच्या नावे असावा, त्यात फक्त वेळापत्रक आणि नोट्स. गुणांबद्दलचं बोलणं स्टाफरूममध्ये, दार उघडं ठेवून. अंतर्गत तक्रार समितीत (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी कॉलेजची समिती) कोण आहे हे पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या, कारण एखादी मुलगी अशी गोष्ट सांगायला आधी तरुण शिक्षिकेकडेच येते. अशा वेळी चौकशी आपण करायची नसते. ऐकून घ्यायचं आणि तिची तयारी असेल तर तिच्यासोबत समितीपर्यंत जायचं.

---

तासिका४८

बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन) होते, म्हणून कागदपत्रांचं लिहून ठेवतो. नेमणुकीचा लेखी आदेश हातात घेऊनच पहिला तास घ्या. आदेशात सत्र, पेपर आणि आठवड्याचे तास लिहिलेले हवेत. वहीत दर तासाची नोंद: तारीख, वेळ, वर्ग, शिकवलेला मुद्दा, हजर विद्यार्थी, आणि आठवड्याला विभागप्रमुखांची सही. बिल याच नोंदींवर निघतं, आणि ते महिनोन् महिने अडकलं तर हीच वही पुरावा असते. महिनाअखेरीला वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. नेमणूक रीतसर जाहिरात आणि निवड समितीमार्फत झाली का, हे पुढे अनुभव मोजताना बघितलं जातं, म्हणून जाहिरातीचं कात्रण आणि मुलाखतीचं पत्रही सांभाळा. सत्र संपलं की अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात मागा.

---

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा बदलतोय: पहिला आठवडा जुन्या उत्तरपत्रिकांतल्या चुका गोळा करायला, दुसरा कॅलेंडर आणि संज्ञांच्या यादीला, तिसरा-चौथा सूक्ष्म अध्यापनाला, पाचवा-सहावा निरीक्षकासह प्रत्यक्ष तासांना, सातवा-आठवा पेपर काढायला आणि दुहेरी तपासणीला. विज्ञानवाल्यांना पाचव्या-सहाव्यात निम्मे तास प्रयोगशाळेत. एक अडचण उरते: मे-जूनमध्ये एफवायची मुलं नसतात. प्रत्यक्ष तास कोणासमोर घ्यायचे?

---

नीलमोहर

मे-जून सोडा, जानेवारीपासून धरा. दुसऱ्या सत्रात एफवायची मुलं असतात आणि एमएच्या शेवटच्या सत्राचे तासही तुलनेने कमी असतात. नियमित शिक्षकाने वर्गातच थांबायचं, मागच्या बाकावर, मध्ये बोलायचं नाही. उमेदवाराचा मुद्दा चुकला तर पुढच्या तासाच्या सुरुवातीला उमेदवारानेच तो फळ्यावर दुरुस्त करायचा.